गरम टॉवेलांचं माहेर

त्या लॉन्ड्रीत दोन सख्ख्या जावा कामाला होत्या, म्हणून एकीला सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. खरी नावं होतीच, पण ती हजेरीच्या यंत्रालाच काय ती ठाऊक. थोरली घडीखोलीची मुकादमीण होती. धाकटी तिच्याच हाताखाली, लांब टेबलाशी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालायची. दोघींचं घर एक, चूल एक, सासू एक आणि आता कामही एक. अशा दोघींचं पटतं तरी कसं, याचं बाकीच्या बायकांना भारी नवल वाटायचं. पटण्याचं कारण अगदी साधं होतं. धाकटी थोरलीचं सगळं ऐकायची. "जाऊबाई म्हणाल्या" म्हटलं की तिच्या लेखी विषय संपला.

लॉन्ड्री म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड. एका टोकाला धुलाईची मशीनं, मधे ड्रायरची रांग, त्यापुढे घडीखोली आणि सगळ्यात मागे एक कोंदट कोठी. कोठीत मोडक्या ट्रॉल्या आणि फाटक्या चादरी पडलेल्या असत. कापड यायचं ते हॉटेलांचं, दवाखान्यांचं आणि मालिश केंद्रांचं. मालिशवाल्यांच्या टॉवेलांना सगळ्या वैतागलेल्या. कितीही धुवा, साबण ओता, तेलाचा वास म्हणून जात नाही. बोटांनाही तो असा चिकटायचा, की घरी गेल्यावर सासू नाक मुरडायची.

घडीखोलीची फरशी बारा महिने थंडगार. धुलाईकडचं पाणी कुठून ना कुठून तिथवर यायचंच. दिवसभर त्या फरशीवर उभं राहून बायकांच्या पिंढऱ्यांचा दगड व्हायचा आणि कंबर काही केल्या सरळ व्हायला तयार नसायची. अशा वेळी ड्रायरमधून नुकती निघालेली, टॉवेलांनी काठोकाठ भरलेली गरम ट्रॉली समोर आली की काय वाटत असेल, ते थंडीत उभं राहून काम केलेल्यालाच कळेल. बायका त्या ट्रॉलीला पाठ टेकून घटकाभर डोळे मिटायच्या. त्या गरम ट्रॉलीचं नावच त्यांनी माहेर ठेवलं होतं. "माझी एवढी थप्पी बघ गं, मी जरा माहेरी जाऊन येते," असं म्हणून एखादी सटकायची, पाठ शेकून यायची आणि पुन्हा कामाला लागायची. ड्रायर चालवणारा माणूस फारसा बोलायचा नाही, म्हणून त्याला घुम्या म्हणत. तोही समजूतदार. मशीनची शेवटची गार हवेची फेरी तो मधेच बंद करायचा, म्हणजे टॉवेल चांगले कढत निघत आणि कामही लवकर उरकत असे.

हे सगळं कितीतरी वर्षं सुखानं चाललं होतं. मग दुसऱ्या एका लॉन्ड्रीला आग लागली. माणूस कोणी दगावलं नाही, पण शेडचा सांगाडा तेवढा राहिला आणि आमच्या गोष्टीतल्या मालकीणबाईंची झोप उडाली. त्यांनी थोरलीला आगीपासून बचावाच्या प्रशिक्षणाला धाडलं. थोरली नाखुशीनंच गेली. आली ती मात्र पार बदलून आली.

तिथं शिकवायला आगीच्या बंबावर उभं आयुष्य काढलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कोण कुठून आलंय. थोरलीनं लॉन्ड्री म्हटल्यावर ते तिच्याचकडे वळून बोलू लागले. "तेल कापडातून पुरतं निघत नाही, बाई. ड्रायरमध्ये ते तापतं. असे गरम टॉवेल एकावर एक रचले, वर झाकून ठेवले, की ती ऊब जाणार कुठं? मग आतल्या आत तेल आणखी तापत जातं. काडी कोणी लावावी लागत नाही. बाहेरून ढीग कसा, गरीब गाय दिसतो. पण सकाळी रचलेला ढीग दुपारी जास्त गरम लागला, की समजायचं, आता हा पेटायच्या बेतात आहे. मग तिथं थांबायचं नाही."

थोरलीच्या डोळ्यांसमोर माहेर उभं राहिलं आणि त्याला पाठ टेकून बसलेल्या बायका.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लॉन्ड्रीत नवा कारभार सुरू केला. गार फेरी पूर्ण झाल्याशिवाय ड्रायरचं दार उघडायचं नाही. टॉवेल रचून ठेवायचे नाहीत, मांडणीवर पसरायचे. कोठीत एकही भरलेली ट्रॉली जाता कामा नये. घंटा वाजली की हातातलं जिथल्या तिथं टाकायचं आणि समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन रांगेत उभं राहायचं, थोरली मोजणार. "कापड गेलं तर गेलं," ती सांगायची, "माणूस मोजून बाहेर आलं पाहिजे." महिन्याकाठी एकदा ती घंटा वाजवून सराव घ्यायची आणि एखादी चप्पल शोधत मागे राहिली तर तिची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायची.

बायकांनी तोंडं वाकडी केली. इस्त्रीवाली मावशी वयानं आणि तोंडानं सगळ्यांत वडील. ती म्हणाली, "सासूनं माहेर तोडलेलं लई ऐकलंय. जावेनं तोडलेलं पहिल्यांदाच बघतेय बाई!"

सगळ्या खो खो हसल्या. धाकटीही हसली आणि थोरलीनं बघितल्यावर गप्प झाली.

"हसा," थोरली म्हणाली. "जळून कोळसा झालात की हसायला तोंड राहायचं नाही."

ती मालकीणबाईंकडेही गेली. बायकांना बसायला स्टुलं द्या, पायाखाली रबरी चटया द्या, घडीखोलीत थोडी ऊब राहील असं काहीतरी करा, म्हणजे त्यांना ट्रॉलीची गरज पडणार नाही. मालकीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "बघू या" म्हणाल्या. नियम लगेच भिंतीवर लागले, छान चौकटीत. स्टुलांचं मात्र बघू या ते बघू याच राहिलं. त्यामुळं झालं असं, की थोरलीनं बायकांचं सुख काढून घेतलं आणि बदल्यात त्यांच्या हाती काहीच ठेवलं नाही. मावशी हे उघड बोलायची, बाकीच्या पाठीमागं बोलायच्या. थोरलीला ते कळत होतं. तिला ते लागतही होतं. पण ती मागे हटली नाही, कारण रात्री डोळे मिटले की तिला त्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकू यायचा.

घरी धाकटीचं बाळ होतं, अजून नीट बसायलाही न शिकलेलं. बाळंतपणानंतर धाकटीची पाठ जी धरली, ती धरलीच. बाळाला सासू सांभाळायची. धाकटी कामावर यायची, कारण तिच्या सगळ्या रजा बाळंतपणातच खर्ची पडल्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं थोरलीचा हात धरून म्हटलं होतं, "आता तुमच्या पदरात घातलीय." थोरलीला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हा पदर तिनं मनावर घेतला होता.

त्या दिवशी सकाळी धाकटी आली ती भिंत धरून. टेबलाशी उभी राहिली, एक टॉवेल उचलला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी जा," थोरली हळूच म्हणाली.

"आज गेले तर उद्या येऊ नको म्हणतील, जाऊबाई. होईल बरं. दुपारपर्यंत होईल."

थोरली वळली. ती ड्रायरकडे गेली. घुम्यानं मालिशवाल्यांच्या टॉवेलांचं मशीन नुकतंच थांबवलं होतं आणि तो गार फेरीचं बटण दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे."

घुम्यानं वळून पाहिलं. "गार फेरी?" त्या दिवशी त्यानं उच्चारलेले हे पहिले शब्द.

"आज राहू दे म्हटलं ना. ही ट्रॉली मी नेते."

दवाखान्याच्या चादरी घेतल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. त्यांना तेल नसतं. पण चादर ट्रॉलीत पडते न पडते तोच गार होते, आणि धाकटीला पाठ टेकायला मिळणार ती दुपारच्या सुट्टीत. जाड टॉवेल, त्यातून तेल प्यालेले, ते ऊब धरून ठेवतात. हे थोरलीला माहीत होतं. साऱ्या लॉन्ड्रीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिनं ट्रॉली कोठीत ढकलली, ऊब जाऊ नये म्हणून वरून दोन घोंगड्या घट्ट खोचल्या आणि दार ओढून घेतलं. एकदाच तर, तिनं मनाला सांगितलं. तेही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी मी आहे म्हणून. दुसरं कोणी असतं तर केलं नसतं.

दुपारच्या सुट्टीत बायका डबे घेऊन बाहेर गेल्या, तशी ती धाकटीला हाताला धरून कोठीत घेऊन आली. घोंगडी बाजूला सारून तिनं टॉवेलांत हात घातला.

"अगंबाई! सकाळपेक्षा कढत आहे की!"

खरं तर इथं तिच्या हातापायांतलं बळ जायला हवं होतं. हेच, अगदी हेच त्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून सांगितलं होतं आणि हेच ती महिनोन्महिने बायकांना ओरडून सांगत आली होती. मनात काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण तेवढ्यात धाकटीनं पाठ टेकली, डोळे मिटले आणि "आई गं" म्हणून असा सुस्कारा सोडला, की थोरलीला भरून आलं. सकाळपासून उतरलेल्या त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला होता. चला, ऊब टिकली, म्हणून ती चक्क खूश झाली. माणूस आंधळा होतो तो रागानं, असं आपण समजतो. मायेनं होतो तसा रागानं होत नाही.

"पड इथं अर्धा तास. मी येते न्यायला," ती म्हणाली. "आणि हे बघ, मी येईपर्यंत बाहेर यायचं नाही. कोणी हाक मारो, काही होवो. मावशीनं तुला इथं बघितलं तर माझी अब्रू चव्हाट्यावर येईल. सगळ्यांचं माहेर तोडलं आणि जावेचं तेवढं ठेवलं म्हणतील."

"बरं, जाऊबाई."

"झोप लागली तरी चालेल."

बाहेर आल्यावर तिनं मावशीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "धाकटीला घरी पाठवलं. पाठीनं हैराण झालीय."

"बरं केलंस," मावशी म्हणाली. मावशी एवढं सरळ बोलली, तेच थोरलीला जड गेलं.

अर्धा तास व्हायच्या आतच दारात गाडी उभी राहिली. मालकीणबाईंबरोबर विम्याच्या कंपनीचे एक साहेब आले होते. आधी कळवलं नव्हतं; न कळवता येणं हेच त्यांचं काम. मालकीणबाईंनी थोरलीला पुढे केलं. "हे सगळं आमच्या बाईंनी केलंय. त्याच तुम्हाला दाखवतील."

आता काय करणार? थोरली दाखवू लागली. भिंतीवरचे नियम, आग विझवायची नळकांडी, मोकळे ठेवलेले दोन्ही रस्ते, मांडणीवर पसरलेले गार टॉवेल. साहेब प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होते. टॉवेलालाही त्यांनी हात लावला आणि समाधानानं मान हलवली. एरवी या दिवसाची तिनं किती वाट पाहिली असती! आज तिची नजर एकसारखी मागच्या दाराकडे जात होती. साहेब कोठीशी येऊन थांबले.

"इथं काय?"

"काही नाही, साहेब. मोडक्या ट्रॉल्या आहेत."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "या इकडे, आमची नवी मशीनं बघा," आणि साहेब वळले. थोरलीचा जीव भांड्यात पडला. पुढे कितीतरी दिवस तिला आठवायचं ते हेच, की धाकटी त्या दाराआड होती आणि साहेबांनी दार उघडलं नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं.

फेरी संपली. आता जातील, असं ती मनाशी म्हणत होती, तर साहेब म्हणाले, "बाई, घंटा वाजवा बरं. लोक कसे बाहेर पडतात ते बघू."

घंटा वाजली. बायकांनी हातातलं टाकलं आणि बाहेरचा रस्ता धरला. कोणी धावलं नाही, कोणी चप्पल शोधली नाही. घुम्यानं ड्रायर बंद केले. मावशीनं इस्त्रीची वीज तोडली आणि गुडघे धरत का होईना, पण वेळेवर बाहेर आली. सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. थोरलीनं मोजलं. इतका सुरेख सराव यापूर्वी कधीच झाला नव्हता.

"सगळ्या आहेत?" साहेबांनी विचारलं.

रांगेतून एकीनं सांगितलं, "धाकटी नाही. पण ती घरी गेलीय. हो ना गं थोरले?"

सगळे तिच्याकडे बघत होते. थोरलीनं विचार केला, सरावच तर आहे. पाच-दहा मिनिटांत साहेब जातील, मग मी आत जाईन आणि तिला मागच्या बाजूनं बाहेर काढीन. तिच्या तोंडून शब्द आला, "हो. घरी गेलीय. सगळ्या हजर आहेत."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनीही वाजवल्या. मग साहेबांना बोलावंसं वाटलं. कामाच्या जागी आग कशी लागते, निष्काळजीपणा कसा घात करतो, अशी एकेक गोष्ट ते खुलवून सांगू लागले. बोलणारा माणूस चांगला होता आणि सांगत होता ते सगळं खरं होतं. थोरलीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कोठीला वरच्या बाजूला एक झरोका होता, जाळी बसवलेला. ती त्या झरोक्याकडे बघत उभी होती. आधी तिला वाटलं, धुलाईची वाफ असेल. पण मशीनं तर बंद होती.

मावशीनं नाक वर केलं. "काहीतरी करपतंय गं."

"सराव आहे, मावशी," कोणीतरी हसून म्हणालं.

झरोक्यातून निघणारी ती रेघ करडी होती, आणि बघता बघता जाड झाली. त्या क्षणीही, खोटं कशाला बोला, थोरलीच्या मनात आधी आलं ते हेच की आता सगळ्यांसमोर सांगावं लागणार. मग तिला धाकटीचं "बरं, जाऊबाई" आठवलं आणि ती किंचाळली.

"धाकटी आत आहे! कोठीत आहे!"

साहेब बोलता बोलता थांबले. "तुम्ही म्हणालात घरी गेली."

"खोटं बोलले! मीच लपवलंय तिला. गरम टॉवेल दिलेत पाठीला. मीच दिलेत!"

एकदा आगीतून बाहेर आलं की कोणीही परत आत जायचं नाही, हे तिनंच शिकवलेलं. ती सुसाट आत धावली. तिच्यामागे घुम्या, हातात लाल नळकांडं घेऊन. आणि त्याच्यामागे, गुडघे विसरून, मावशी. धुलाईच्या हौदातून तिनं पळता पळता एक चिंब चादर ओढून घेतली होती.

कोठीचं दार उघडलं तसा धुराचा लोट अंगावर आला. दाराच्या आत हातभर अंतरावर धाकटी गुडघ्यांवर बसलेली होती, ओढणी तोंडाला बांधून. ट्रॉली कलंडलेली. टॉवेल चहूकडे फेकलेले, काही नुसते धुमसत होते, काहींनी पेट घेतला होता. मावशीनं ओली चादर तिच्यावर टाकली, थोरलीनं काखेत हात घालून तिला ओढलं आणि घुम्या पांढऱ्या भुकटीचा फवारा मारत आत घुसला. आग मोठी नव्हती. त्याच्या एका नळकांड्यात ती निम्मी विझली आणि दुसरं घेऊन आलेल्या साहेबांनी उरलेली विझवली. कोट काढून टाकून साहेब कामाला लागले होते, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

मोकळ्या हवेत आणल्यावर धाकटीला खोकल्याची अशी उबळ आली की थांबेना. सगळ्या भोवती जमल्या. कोणीतरी पाणी आणलं. तिनं ते घ्यायला हात पुढे केले, तेव्हा सगळ्यांना तिचे तळहात दिसले. कातडी सुटून आली होती. तिला स्वतःला ते तेव्हाच कळलं असावं, कारण ती हातांकडे नुसती बघत राहिली. मावशीनं भांडं घेतलं आणि तिच्या हातांवर गार पाणी ओतू लागली, एकसारखं, न थांबता.

"अगं, घंटा ऐकली नाहीस का तू?" थोरली रडत विचारत होती. "घंटा वाजली ना! धूर दिसला ना तुला! दाराला कुलूप नव्हतं गं!"

"ऐकली," धाकटी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "तुम्ही म्हणाला होतात ना, काही झालं तरी येऊ नकोस."

थोरली तिच्यापुढे खाली मातीत बसली.

"आणि दाराशी साहेब बोललेले ऐकले मी. म्हटलं, आता बाहेर आले तर तुमची मुकादमी जाईल. म्हणून मग एकेक टॉवेल ओढून विझवत बसले. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत विझेल."

थोरलीला वाटत होतं, मावशी आता बोलेल. मावशीला बोलायचा हक्क होता. त्या सगळ्याजणींना होता. महिनोन्महिने थंड फरशीवर उभ्या राहिल्या होत्या त्या, थोरलीच्या शब्दाखातर. पण मावशी मान खाली घालून पाणी ओतत राहिली. ती शिव्या देती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

दवाखान्यात धाकटीला आत नेलं. जीवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. छातीतला धूर दोन-तीन दिवसांत निवळेल. हातांचं आत्ताच सांगता येत नाही. उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटतील की नाही, ते जखमा भरल्यावर कळेल. तोवर त्या हातांनी काही धरायचं नाही, काही उचलायचं नाही. बाळ किती लहान आहे, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून बजावलं, बाळालाही उचलायचं नाही.

मालकीणबाई येऊन गेल्या. स्टुलांची आणि चटयांची आजच व्यवस्था करते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी साधी गोष्ट होती तर, असं तिच्या मनात आलं, पण रागवायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. आणि रागवणार कोणत्या तोंडानं?

मग तिचा दीर आला, धाकटीचा नवरा. कामावरून तसाच धावत आला होता, सदरा घामानं भिजलेला. लॉन्ड्रीच्या दारात त्याला जे कोणी भेटलं असेल, त्यानं त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती. बाकावर बसलेल्या थोरलीला बघून त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं हात जोडले.

"वहिनी, तुम्ही आगीत शिरलात म्हणे. तुम्ही होतात म्हणून ती वाचली."

थोरली उठून उभी राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! आत धाकटीनंही तोंड उघडलं नसतं. विचारलं तरी तिनं सांभाळून घेतलं असतं, जन्मभर. थोरलीला ते माहीत होतं आणि त्याचीच तिला भीती वाटली. सांभाळून घ्यायची ही सवय तिनंच धाकटीला लावली होती. त्या सवयीनंच तर धाकटीला त्या दारामागे बसवून ठेवलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "मी होते म्हणूनच ती तिथं होती."

त्याला कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. ट्रॉली, घोंगड्या, सकाळपेक्षा कढत लागलेला तो ढीग, "बाहेर येऊ नकोस" असं बजावलेलं, साहेबांपुढे ठोकून दिलेलं खोटं. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. तो ऐकत होता. त्याचे जोडलेले हात ऐकण्याच्या भरात तसेच राहिले होते. मधेच केव्हातरी त्याच्या ते लक्षात आलं आणि त्यानं ते खाली घेतले.

तिचं बोलणं संपलं. तो रागावेल, ओरडेल, निदान "का" म्हणून विचारेल, याची ती वाट पाहत होती.

"बाळ भुकेलं असेल," तो शेवटी म्हणाला. "आई एकटीच आहे घरी. मी जातो, त्याला बघतो."

"मी जाते ना, भावजी. तुम्ही थांबा तिच्याजवळ. मी घेते बाळाला."

"नको, वहिनी," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी हळू. "बाळाला तुम्ही नका घेऊ."